प्राध्यापकांशी वाटाघाटी आणि बैठकीला न येणारा तिसरा माणूस

प्राध्यापकांचं आंदोलन सुरू झालं की दोन ठरलेल्या पोस्टी फिरायला लागतात. एक म्हणते, एवढा पगार घेऊन यांना आणखी काय पाहिजे. दुसरी म्हणते, गुरुजनांचा मान राखा. दोन्हींचा वाटाघाटींशी काडीचा संबंध नसतो. मी विद्यापीठाच्या आस्थापना विभागात बरीच वर्षं काढली, संघटनेबरोबरच्या बैठकांची इतिवृत्तं लिहिली. माझं मत असं की या वाटाघाटी बहुतेक वेळा मागण्या अवाजवी आहेत म्हणून फिसकटत नाहीत. समोर बसलेल्याच्या हातात काही नसतं, आणि ते दोन्ही बाजूंना पहिल्या मिनिटापासून माहीत असतं, म्हणून फिसकटतात.

२०१३ आठवा. एमफुक्टोने, म्हणजे राज्यातल्या प्राध्यापक संघटनांच्या महासंघाने, ४ फेब्रुवारीपासून विद्यापीठांच्या परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला. मागण्यांची यादी लांब होती, पण कळीचे मुद्दे दोन. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी, आणि १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात लागलेल्या बिगर नेट-सेट, म्हणजे नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या, प्राध्यापकांचा प्रश्न. आता बघा. १ जानेवारी २००६ ते ३१ मार्च २०१० या काळातल्या वाढीव वेतनखर्चाचा ८० टक्के वाटा केंद्राचा, २० टक्के राज्याचा. आधी खिशात हात कोणी घालायचा, यावर दोघांची टोलवाटोलवी. नेट-सेटची अट यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, त्यावरची सवलत शासनाच्या हातात. आणि बहिष्कार कुणाच्या परीक्षांवर? विद्यापीठांच्या. कुलगुरूंकडे ना पैसा होता, ना नियम वाकवायचा अधिकार. होतं ते परीक्षांचं वेळापत्रक, आणि तेच डोळ्यांदेखत कोलमडत होतं. शेवटी मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने लक्ष घातलं तेव्हा बहिष्कार मागे घेतला गेला. त्या काळातलं वेतन रोखलं गेलं आणि तो वाद पुढे कित्येक वर्षं कोर्टकचेरीत रेंगाळला.

भांडण एकाशी, दणका दुसऱ्याला, पैसे तिसऱ्याकडे. मधल्यामध्ये पोरं.

यात कायद्याचीही एक गंमत आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बंगळुरू पाणीपुरवठा प्रकरणात उद्योगाची व्याख्या इतकी रुंद केली की शिक्षणसंस्थाही त्यात आल्या. मग १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं की शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखालचा कामगार नाही. म्हणजे संस्था उद्योग ठरली, पण शिकवणारा कामगार ठरला नाही! कारखान्यात तिढा पडला की समेट अधिकारी दोघांना समोरासमोर बसवतो. प्राध्यापकांसाठी ती वाट नाही. आपल्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात तक्रार निवारणाची सोय आहे, न्यायाधिकरण आहे, पण तिथे जायचं ते आपापली तक्रार घेऊन. हजारो जणांची एकच मागणी असेल तर? मग मोर्चा, निवेदन, बहिष्कार.

अमेरिकेत दुसराच पेच. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये येशिवा या खासगी विद्यापीठाच्या खटल्यात ठरवलं की अभ्यासक्रम, प्रवेश, नेमणुका यांत प्राध्यापकांचा शब्द चालतो, म्हणून ते व्यवस्थापनाचाच भाग, संघटना करून वाटाघाटी करायचं कामगार कायद्याचं संरक्षण त्यांना नाही. निकाल पाच विरुद्ध चार मतांनी लागला. मला तो पटत नाही, पण त्यातलं निरीक्षण खोटं नाही. विद्यापीठात विभागप्रमुख सकाळी हजेरीच्या नोटिशीवर सही करतो आणि दुपारी संघटनेच्या सभेला जाऊन बसतो. कुलगुरू काल प्राध्यापक होते आणि मुदत संपली की अनेकदा पुन्हा त्याच विभागात येतात. त्यामुळे कारखान्यातल्या वाटाघाटींचे धडे इथे जसेच्या तसे चालत नाहीत. इथे कुणाला कायमचं तोडून बोलता येत नाही. पुढच्या महिन्यात त्याच माणसाबरोबर अभ्यास मंडळावर बसायचं असतं.

पैसेवाला माणूस खोलीत आला की काय होतं, त्याचं उदाहरण २०२३ मधलं. न्यू जर्सीतल्या रटगर्स या सरकारी विद्यापीठात १० एप्रिलला प्राध्यापकांचा संप सुरू झाला, विद्यापीठाच्या अडीचशेहून जास्त वर्षांच्या इतिहासातला पहिला. त्याआधी महिनोन् महिने चर्चा चाललीच होती. विद्यापीठ कोर्टात जायची भाषा करत होतं. गव्हर्नर फिल मर्फी यांनी दोन्ही बाजूंना राजधानीत आपल्या कार्यालयात बोलावलं आणि तिथेच बसवून ठेवलं. १५ एप्रिलला मुख्य मुद्द्यांवर सहमती होऊन संप थांबला. गव्हर्नर काही जादूगार नव्हते. राज्याच्या तिजोरीवर ज्यांचा शब्द चालतो, ते समोर होते, एवढंच.

पण हा दोष नेहमी प्रशासनाच्याच बाजूचा असतो असंही नाही. ब्रिटनमध्ये २०१८ साली पेन्शनवरून साठहून अधिक विद्यापीठांत टप्प्याटप्प्याने १४ दिवसांचा संप झाला. १२ मार्चला संघटनेच्या वाटाघाटी करणाऱ्यांनी एक तडजोड आणली, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्याच शाखांनी ती उडवून लावली. नेत्यांकडेही सभासदांचा शब्द नव्हता! पुढे वाट निघाली ती वेगळ्याच उपायाने. पेन्शन फंडात खरंच तूट आहे का आणि असेल तर किती, हाच मूळ वाद होता. दोन्ही बाजूंनी मिळून तज्ज्ञांची समिती नेमली आणि आकडे पुन्हा तपासायला लावले. तरीही २०२२ मध्ये लाभ कापले गेले, आणि फंडाची तब्येत सुधारल्यावर २०२४ मध्ये ते परत द्यावे लागले. आकड्यांवर एकमत नसताना केलेली बैठक म्हणजे चहापान.

आता आपल्या घरचं. मी पाहिलेल्या बैठका साधारण अशा. लांबलचक टेबल, एका बाजूला कुलसचिव, वित्त अधिकारी, विधी अधिकारी, दुसऱ्या बाजूला संघटनेचे सात-आठ पदाधिकारी. मागणी क्रमांक एक वाचली जाते. कुलसचिव म्हणतात, हा शासनाच्या अखत्यारीतला विषय आहे, आम्ही पाठपुरावा करू. क्रमांक दोन, तेच. क्रमांक पाचवर एखादे सर चिडतात, मॅडम त्यांना खाली बसवतात. मी लिहीत असते. इतिवृत्त मंजुरीला जातं, तिथे महिनाभर पडतं, आणि परत येतं तेव्हा ‘मान्य करण्यात आले’च्या जागी ‘सकारात्मक विचार करण्यात येईल’ आलेलं असतं. संघटनेचे सचिव माझ्याकडे बघतात, मी फाइलकडे. पुढच्या बैठकीचा पहिला तास मागच्या इतिवृत्तावरच्या भांडणात जातो. विश्वास बहिष्काराने उडत नाही हो, या एका तासात उडतो.

आणि खरी गोम इथे आहे. त्या यादीतल्या निम्म्या गोष्टी शासनाच्या नसतातच! कॅसच्या, म्हणजे ठरावीक सेवेनंतर मिळणाऱ्या, पदोन्नतीचे प्रस्ताव कपाटात पडलेत, कारण छाननी समितीची तारीख लागत नाही. ती तारीख विद्यापीठाने लावायची. परीक्षेच्या कामाचं मानधन अडकलंय, सेवापुस्तकातल्या नोंदी राहिल्यात, रजेचे अर्ज फिरतायत, बाहेरच्या तज्ज्ञाला पत्र गेलेलं नाही. यातल्या एकालाही मंत्रालयाची परवानगी लागत नाही. पण एकदा ‘शासनाकडे पाठपुरावा’ म्हणायची सवय लागली की आपल्या टेबलावरची फाइलसुद्धा शासनाचीच वाटायला लागते. यूजीसीच्या नियमांत आठवड्याला ४० तासांचं काम, त्यात सहायक प्राध्यापकाने १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं, असं आहे. उरलेल्या वेळात मूल्यांकन, महाविद्यालयांना श्रेणी देणाऱ्या नॅकची कागदपत्रं, समित्या, आणि दर चार दिवसांनी ‘तातडीचे’ म्हणून येणारे माहितीचे तक्ते किती भरून घ्यायचे, हे विद्यापीठाच्याच हातात आहे. त्यावर कुणी बैठक लावलेली माझ्या तरी पाहण्यात नाही.

माझ्या हातात असतं तर मी मागण्यांची यादी आली की त्याच दिवशी तिची तीन भागांत वाटणी केली असती. विद्यापीठाच्या हातातलं, शासनाच्या हातातलं, केंद्राच्या आणि यूजीसीच्या हातातलं. पहिल्या भागावर महिन्याच्या आत निर्णय, नावानिशी आणि तारखेनिशी. दुसऱ्या भागासाठी संघटनेला नुसतं आश्वासन द्यायचं नाही, उच्च शिक्षण संचालनालयातला अधिकारी बैठकीला आणायचा, आणि आला नाही तर ‘अनुपस्थित’ असं इतिवृत्तात स्पष्ट लिहायचं. इतिवृत्ताचा मसुदा उठायच्या आत वाचून दोन्हीकडच्या सह्या. यात क्रांती काही नाही. अर्धा दिवस जास्त जातो, बस.

वेतन कापण्याबद्दल. ‘काम नाही तर दाम नाही’ हे ऐकायला ठणठणीत वाटतं. ब्रिटनमध्ये २०२३ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात मूल्यांकनावर बहिष्कार होता. काही विद्यापीठांनी बहिष्कार टाकणाऱ्यांचा अर्धा, तर काहींनी पूर्ण पगार कापला, जरी ते तास घेत होते, संशोधन करत होते. कितीतरी विद्यार्थ्यांना पदवी वेळेवर मिळाली नाही किंवा वर्गवारीविना मिळाली. न केलेल्या कामाचे पैसे कापा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. केलेल्या कामाचेही कापले की मग उशिरा का होईना पेपर तपासायला माणूस मनाने येत नाही. परीक्षेवरचा बहिष्कार मलाही आवडत नाही, पोरांचे हाल होतात. पण जूनमध्ये प्राध्यापक चार दिवस वर्गात गेले नाहीत तर दखल कोण घेतं? एप्रिलमध्ये गठ्ठे पडून राहिले की मंत्रालयातून फोन येतो. हे हत्यार त्यांच्या हातात आपणच दिलंय.

आणि तासिका तत्त्वावरचे, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतेच पैसे मिळणारे, शिक्षक? प्रशासन त्यांना मोजत नाही, हे ओघाने आलंच. पण संघटनेच्या यादीतही त्यांची मागणी शेवटच्या पानावर असते, आणि बैठकीत तिथपर्यंत पोचेतो वेळ संपलेला असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठात २०२२ च्या नोव्हेंबरात जे ४८,००० जण संपावर गेले, ते कायम प्राध्यापक नव्हते. ते अध्यापन साहाय्यक, संशोधक, पोस्टडॉक (पीएचडीनंतर तात्पुरत्या नेमणुकीवर संशोधन करणारे) होते. आपल्याकडे कित्येक महाविद्यालयांत निम्मे विभाग तासिकावाल्यांच्या जिवावर चालतात. पुढच्या बैठकीत मागण्या शेवटच्या पानापासून वाचायला घ्या, असं मी दोन्ही बाजूंना सुचवेन. संघटनेतल्या मित्रांना हे आवडणार नाही, माहितीय. कमेंटमध्ये या, बोलू.