आज चक्कर आहे का?

आज दुपारी देवगडच्या स्टँडवर चहाला थांबलो होतो. बाहेर पाऊस नुसता ओतत होता. आमच्या वाडीतला एक मुलगा येऊन समोर बसला. बावीस वर्षांचा, भरतीची परीक्षा देतोय. (त्याला विचारूनच लिहितोय, नाव लिहिणार नाही.) दोन महिने त्याच्या छातीत धडधडतंय, पुस्तक उघडलं की श्वास अडकतो. नऊ दिवसांपूर्वी डॉक्टरांनी त्याला गोळी चालू केली. एस्सिटॅलोप्रॅम, मनाच्या भीती-चिंतेवरची, मी घेतो तीच. कसं वाटतंय विचारलं, तर मान खाली घालून म्हणाला, "काकानू, ती गोळी माका नको. मळमळता, रातभर झोप नाय, पयल्यापेक्षा जास्त भिया वाटता. काल मी पाकीट पुलावरसून खाडयेत उडयलंय."

मिठमुंबरीच्या पुलावरून. नवव्या दिवशी.

आणि हे त्याला सुचलं कुठून? घरातल्याच एका बाईने सांगितलं, "गोळयो खावन पोरगो येडो होतलो, मगे रत्नागिरीक धाडूचो लागतलो." म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात. शिवाय देवाला गाऱ्हाणं घाल, सकाळी समुद्रावर चाल, सगळं मनाचं असतं, हे आहेच. मी चहा तसाच ठेवून उठलो. मुलावर राग नव्हता. कोणावर होता ते घरी येईपर्यंत कळलं नाही, म्हणून आता लिहायला बसलोय.

माझ्या गोळीबद्दल इथे कधी लिहिलं नव्हतं. घरच्यांना आणि दोन मित्रांना ठाऊक आहे. बाकीच्यांना आज कळतंय, कळू दे.

गेल्या वर्षी एप्रिलची गोष्ट. ऐन आंब्याचा सीझन. गोळी चालू करून सहावा दिवस. पाच मिलिग्रॅमची एवढीशी पांढरी गोळी, नखावर मावेल इतकी. डॉक्टर म्हणाले होते, नाश्त्यानंतर घ्या, थोडं मळमळेल, दोन आठवड्यांनी या. बाहेर तीसेक माणसं बसली होती, त्यांना याहून जास्त बोलायला वेळ नव्हता. त्या सहाव्या दिवशी मी शिडीवर होतो, हातात झेला, आंबे उतरवायची जाळीची काठी. वरच्या फांदीवरचा एक आंबा काढायला मान वर केली आणि सगळं कलम माझ्याभोवती फिरलं. पाय लटपटले. तोंड इतकं कोरडं की जीभ टाळूला चिकटलेली. हाक मारायला गेलो तर आवाज निघेना.

आमच्या बागेत सीझनला नेपाळहून एक गडी येतो. सहा वर्षं येतोय. तो खाली पेट्या भरत होता. त्याने वर पाहिलं, शिडीला येऊन दोन्ही हातांनी माझे घोटे धरले आणि म्हणाला, "दादा, आराम से. एक पैर. अब दूसरा." खाली आल्यावर त्याने माझ्या हातातला झेला काढून घेतला, मला खोडाला टेकवून बसवलं आणि पाण्याची बाटली मांडीवर ठेवली. काय झालं, कशाच्या गोळ्या, एक शब्द विचारला नाही. मीच सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि परत पेट्या भरायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत पोचलो तर त्याचा पहिला प्रश्न, "आज चक्कर है क्या?"

तापाची चौकशी करावी तसा त्याने तो प्रश्न विचारला होता. बस. त्या महिनाभरात मला असं विचारणारा तो एकटा माणूस. बाकी जो भेटला त्याने सल्लाच दिला.

मुंबईचा माझा मावसभाऊ म्हणाला, "अरे, समोर समुद्र, घरचा आंबा, तुला कसली अँक्झायटी? आम्ही लोकलमध्ये मरतो रोज." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता अंगावर काटा येतो. समुद्र समोर आहे, खरं आहे. पहाटे तीन वाजता जागा असायचो तेव्हा त्याची गाज माडांमधून घरापर्यंत यायची, ती ऐकत पडून राहायचो आणि छातीत कोणीतरी मूठ आवळून धरल्यासारखं व्हायचं. समुद्राने त्यातलं काही कमी केलं नाही. तुम्ही दोन दिवस पर्यटनाला येता आणि शांत होऊन जाता, चांगलं आहे, या. पण इथे राहणाऱ्या माणसाच्या मेंदूला किनाऱ्याची सवलत मिळत नाही.

चालल्याने बरं वाटतं, हो. भजनाला बसल्यानेही वाटतं. मी दोन्ही करतो. पण म्हणून गोळी खाडीत टाकायची?

आता त्या मळमळीबद्दल, कारण तिथेच सगळे घाबरतात. ही गोळी सेरोटोनिन नावाच्या ज्या रसायनावर काम करते, ते शरीरात सर्वात जास्त मेंदूत नसतं, आतड्यांत असतं. त्यामुळे पहिला धक्का पोटाला बसतो. मळमळ, जुलाब, भूक न लागणं. दुसरा धक्का झोपेला. काही दिवस अस्वस्थपणा वाढूसुद्धा शकतो, भीती घालवायला घेतलेल्या गोळीनेच भीती वाढली असं वाटतं. मला जांभया यायच्या, झोप नसताना, भर दुपारी, एकामागून एक. पेट्या मोजताना आकडा चुकायचा. घाम तर विचारू नका, पण एप्रिलमध्ये सगळेच घामेजलेले असतात म्हणून कोणाला कळलं नाही. यातलं बरंचसं आठ-पंधरा दिवसांत ओसरतं. आणि गोळीचा खरा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. म्हणजे त्रास आधी येतो आणि उपयोग नंतर. हे एवढं एक वाक्य आधी कोणी नीट सांगितलं असतं, तर तो मुलगा काल त्या पुलावर उभा राहिला नसता.

अरे, आपण बागायतदार माणसं! आत्ता पावसात कलमाच्या बुंध्याशी कल्टार, मोहोर यायचं औषध, घालतो आणि मोहोर बघायला नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत थांबतो. नवं कलम लावलं की फळ धरायला पाच-सहा वर्षं देतो. आणि पोटच्या पोराच्या औषधाला नऊ दिवस देत नाही?

रागावून लिहितोय, जाणवतंय मला. पाणी पिऊन आलो.

तर सवय लागते, हा दुसरा मुद्दा. त्यात अर्धं खरं आहे, तेही सांगतो. सुरुवातीला मला रात्रीसाठी क्लोनाझेपाम ही झोप लागायची, मन शांत करायची गोळी दिली होती, तिची सवय लागते, म्हणूनच डॉक्टरांनी ती तीन आठवड्यांत कमी करत बंद केली. एस्सिटॅलोप्रॅमचं तसं नाही, तिची तलफ येत नाही. पण ती एकदम तोडायची नसते. हे मी स्वतः करून बसलोय. गेल्या गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं, सगळे म्हणत होते आता किती छान दिसतोस, मलाही वाटलं झालो बरा. दिली सोडून. चौथ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीला झांज वाजवताना डोकं वळवलं आणि आत वीज चमकल्यासारखं झालं. परत वळवलं, परत तेच. झांज भावाच्या हातात देऊन मागच्या पडवीत जाऊन बसलो. आत "घालीन लोटांगण" चाललेलं आणि मी खांब धरून बसलेलो. त्या क्षणी मला कोण आठवलं असेल? माझे घोटे धरणारे ते दोन हात. तो तेव्हा नेपाळात होता, त्याच्या घरी भातशेती चाललेली असणार.

डॉक्टरांना फोन केला. ते ओरडले नाहीत. म्हणाले, परत सुरू करा, थांबवायची वेळ आली की आपण महिने घेऊन हळूहळू उतरवू.

आणखी एक गोष्ट आहे जी पुरुष बोलत नाहीत, म्हणून मी बोलतो. या गोळीने नवरा-बायकोच्या नात्यातली इच्छा कमी होते, शरीर साथ देत नाही. सगळ्यांचं होतं असं नाही, माझं झालं. मी दोन महिने गप्प राहिलो आणि बायकोला वाटलं तिचंच काहीतरी चुकतंय. तिला सांगितलं त्या रात्री ती रडली, हलकी होऊन रडली. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी त्यावर उपाय केला. कित्येक जण गोळी याच कारणाने सोडत असतील आणि कारण मात्र "पित्त होतं" असं सांगत असतील.

काहींना ही गोळी खरंच सोसत नाही, बदलावी लागते. मान्य. पण ते डॉक्टरने ठरवायचं.

त्या मुलाच्या बाबतीत मला खरी काळजी वेगळीच वाटली, आणि ती घरच्या कोणालाच ठाऊक नव्हती. पंचविशीच्या आतल्या मुलांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत जीव नकोसा वाटण्याचे विचार वाढू शकतात. सगळ्यांना होत नाही, पण होऊ शकतं, म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवायचं असतं आणि तसं काही वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं असतं. त्याला मी सरळ विचारलं, पुलावर उभा होतास तेव्हा मनात आणखी काही आलं होतं का? बराच वेळ तो कपातल्या चहाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नाय काकानू. फक्त गोळयो." मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि विश्वास ठेवला. तरी 14416 हा नंबर त्याच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून दिला. टेली-मानस म्हणून सरकारी सेवा आहे, 2022 पासून चालू आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीतूनही बोलतात.

तुम्हा सगळ्यांना हे पटणारच, माझी मित्रयादी मला माहीत आहे. पण तुमच्या घरी कोणी "रत्नागिरीक धाडूचो" म्हणालं, तर हसून सोडता ना? मीही सोडत होतो. आजपासून नाही सोडणार. चिडवायला ते गाव वापरत आलो आपण, आणि तिथल्या मनोरुग्णालयात माणसं बरी व्हायला जातात, हे विसरलो.

ती बाई वाईट नाही, हेही लिहायला हवं. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो तेव्हा तिने मला घावणे वाढले आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिच्या माहेरी कोणीतरी होतं, अनेक वर्षं एका खोलीत ठेवलेलं. ती त्यालाच घाबरते. मी तिला रागाने काही बोलणार होतो, ते नाही बोललो.

मला गुण आला तो पाचव्या आठवड्यात. रात्री दहाला वाशीहून दलालाचा फोन, भाव पडला म्हणून. आधी असा फोन आला की पहाटेपर्यंत डोळा लागायचा नाही. त्या रात्री मी "बरं" म्हणालो, फोन ठेवला आणि ताटातला राहिलेला भात संपवला. बायको माझ्याकडे बघत बसली होती. सकाळी बागेत गेलो. "आज चक्कर है क्या?" मी म्हटलं, नाही. तो हसला आणि शिडी माझ्याकडे ढकलली. तरी खाली येऊन धरून उभा राहिलाच.

उद्या पहिल्या एसटीने मी आणि तो मुलगा कणकवलीला डॉक्टरांकडे जातोय. गोळी खाडीत टाकली हे तो स्वतः सांगणार आहे, मी फक्त शेजारी बसणार. रिकाम्या पोटी पाठवू नका, थोडी पेज तरी द्या, असं त्याच्या आईला सांगून आलोय.