मांगरातलं विमान उडवायचंय? मग हे करा

तुमच्या मांगरात नारळाच्या सोडणांच्या ढिगाशेजारी एखादं दोन सीटचं जुनं किट-विमान (सुटे भाग आणून घरी जोडलेलं) पडून असेल आणि ते उडवायची हौस आली असेल, तर अभिनंदन. परवाना मिळतो. आयुष्य तेवढं लांब हवं.

आधी अर्जाला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलच्या रचनेला मिळालेली सरकारी मान्यता, जोडा. तुमच्या विमानाला ते कधीच नव्हतं? तरी जोडा.

1934 चा विमान कायदा गेला आणि 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम आला, म्हणून हुरळू नका. नियम 1937 चेच. सासू गेली, पण डबे अजून तिच्याच क्रमानं लावायचे.

वजन करताना तीन चाकांखाली तीन काटे हवेत, दारं बंद, वारा नको. मी एक काटा काजूच्या कारखान्यातून आणला, एक मासळीच्या लिलावातून, एक रेशन दुकानातून. रेशनच्या काट्यावरच्या शिक्क्याची मुदत संपलेली, म्हणून वजन रद्द. (त्याच काट्यावर अख्खा गाव तांदूळ घेतो, ते चालतं.)

अर्जाची भाषा गाऱ्हाण्याची ठेवा. समोरून ‘व्हय म्हाराजा’ येणार नाही, क्वेरी येईल.

आता तपासणी. ती धावपट्टीवर. विमान उडवून न्यायला परवाना लागतो आणि परवान्याला तपासणी लागते. मग पंख उतरवा, टेम्पोत घाला आणि मुंबई-गोवा हायवेनं न्या. हायवेबद्दल मी काही बोलत नाही. तिथे पंख पुन्हा बसवा. पंख काढून बसवले, म्हणजे कंट्रोल (विमान वळवायची यंत्रणा) दोन अधिकृत माणसांनी वेगवेगळे तपासून सह्या करायच्या. त्यातला दुसरा बंगळूरला. तो येईपर्यंत मिरग बसला. शेवटी गेल्या मंगळवारी साहेब आले. कोकम सरबत घेतलं, फाइल उघडली, इंजिनाच्या पाटीवरचा नंबर कागदाशी ताडला. एक आकडा खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेला. ‘जुळत नाही,’ म्हणाले आणि गाडीत बसले. वीस मिनिटं!

अहो साहेब, तपासणी नको असं कोण म्हणतंय? त्या विमानात माझा पुतण्या बसणार आहे. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर इतके पावसाळे काढलेली अल्युमिनियमची नळी बाहेरून चकचकीत आणि आतून पांढरा भुगा असू शकते. पंखाचं कापड उन्हानं कुजतं, ते दाबून बघितल्याशिवाय कळत नाही. तुम्ही पंखाला हात तरी लावलात? एक नट फिरवून बघितलात? नंबर वाचलात, नुसता नंबर! तो जुळला असता तर न बघताच सही ठोकली असतीत ना? लाज वाटायला हवी.

पुढच्या खेपेला फाइल घरी ठेवा. टॉर्च आणा.