पट्टी

परवा तासगावकडच्या एका गावात भजन स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. अकरा मंडळं. हातात छापील तक्ता: सूर ३०, ताल ३०, उच्चार २०, सादरीकरण २०. निकाल लागल्यावर चहाच्या टेबलापाशी एक टाळकरी आला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "सर, तुमच्या पट्टीत आमचं म्हातारं बसलं न्हाई."

म्हातारं म्हणजे त्यांचे बुवा. सत्तरीचे तरी असतील. काळी दोनमध्ये (पेटीची ती काळी पट्टी सा धरून) सुरुवात केली आणि दुसऱ्या अभंगापासून पेटी एकीकडे, बुवा एकीकडे. वरचा षड्ज, म्हणजे वरचा सा, एकदाही लागला नाही. पण गौळण लावली आणि मंडपातली पोरंटोरंसुद्धा गप्प झाली. माझा पेन थांबला तो थांबलाच. ज्या मंडळाला पहिला नंबर दिला त्यांचं सगळं चोख होतं, पखवाज तर घड्याळ लावावं असा. त्यांचं ऐकताना मात्र मी शेवटची एसटी मिळेल का याचा विचार करत होतो.

तरी बुवांना सुरात १६ च, आणि उद्याही १६ च देईन. "संगीत शेवटी ज्याच्या त्याच्या आवडीवर" असं म्हणून सुटणारे भेटतात, त्यांच्याशी माझं जमत नाही. षड्ज लागला नाही म्हणजे लागला नाही. त्यात माझी आवड कुठून आली?

लबाडी केली ती वेगळीच. उच्चारात त्यांना १४ दिले होते, ते खोडून १८ केले. समोरचे दोन दात नसलेल्या माणसाचे उच्चार! गौळण आवडली होती, तिच्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता, म्हणून शेजारच्या रकान्यात भरली. उलटंही आपण सर्रास करतो. गाणं आवडलं नाही की "बेसूर आहे" म्हणून मोकळे.

आणि पट्टी तरी कुणाची? मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी (तारेचा भरलेला, गुंजणारा नाद) लावताना बघा एकदा. घोडीवर तार, तारेखाली सुताचा दोरा. कारागीर दोरा केसभर सरकवतो, तार छेडतो, पुन्हा सरकवतो. मी हौसेनं फोनमधलं सूर दाखवणारं अ‍ॅप जवळ धरलं. ते पहिल्यापासून हिरवंच, आणि तार मात्र मुकी. मग कुठंतरी तो दोरा नेमका बसला आणि अख्खा तंबोरा बोलायला लागला. शेजारी बसलेला दुसरा कारागीर आपल्या कामातून मान वर न करता "हां" म्हणाला. दोघांचा कान एकाच जागी थांबला. ही आवड म्हणायची का? २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते असल्या कानांच्या जिवावर.

शिवाय तंबोऱ्याच्या खर्जातून, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या तारेतून, जो गंधार (ग) आपोआप ऐकू येतो, तो अ‍ॅपमधल्या, म्हणजे आपल्या पेटीतल्याही, गंधारापेक्षा साधारण १४ सेंट उतरता असतो (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर). शंभरेक वर्षांपूर्वी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, याच मोजमापाच्या मागे लागले होते. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यावरून त्यांनी श्रुती, म्हणजे स्वरांच्या बारीक जागा, मोजल्या. आकडे निघाले, पण कुणाचा गळा प्रमाण धरायचा हे आधी कानानंच ठरवावं लागलं असणार. आपले स्वर पेटीत बसत नाहीत, या तक्रारीचाही हात होता म्हणून आकाशवाणीनं १९४० साली पेटीच बंद केली आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. गावोगावच्या भजनांत ती वाजतच होती म्हणा.

टाळकऱ्याला यातलं काहीच बोललो नाही. एवढंच म्हणालो, "पुढच्या वर्षी बुवांना जरा खाली, पांढरी एकमधनं लावायला सांगा. वरचा षड्ज मिळेल."

तो हसला. "सांगून बघितलंय सर. बुवा ऐकत न्हाईत."