लाईन सगळ्यांची, तक्रार एकेकाची

माझा धाकटा भाऊ लांब असतो. रोज रात्री नऊला त्याचा व्हिडिओ कॉल येतो आणि बाबा साडेआठपासूनच टॅब समोर ठेवून बसतात. बाबा ८१ वर्षांचे आहेत. दिवसभरात त्यांचं बोलणं फारसं नसतं, जे काही साठवलेलं असतं ते नऊ वाजता बाहेर येतं.

काही महिन्यांपूर्वी या कॉलमध्ये एक विचित्र प्रकार सुरू झाला. भाऊ आम्हाला स्वच्छ दिसायचा, त्याचा आवाजही नीट यायचा. पण बाबा बोलायला लागले की तो म्हणायचा, "बाबा, परत सांगा ना." बाबा परत सांगायचे, जरा मोठ्याने. "तुटतंय बाबा, अजून एकदा." मग आणखी मोठ्याने. तिसऱ्या वेळेनंतर ते टॅब माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, "तूच बोल."

एका रात्री झोपायला जाताना त्यांनी मला विचारलं, "माझी जीभ जड झालीय का गं? शब्द नीट उमटत नाहीत का?" डॉक्टरांना दाखवायचं का, असं ते खरोखर विचारत होते.

त्या प्रश्नामुळेच ही पोस्ट लिहितेय. नेट बंद पडणं मी समजू शकते. वादळात तार तुटते, रस्ता खोदताना केबल कापली जाते, कुणाचा दोष नसतो. पण सेवा देणारा "आमच्याकडून सगळं बरोबर आहे" असं पुन्हा पुन्हा सांगतो, तेव्हा घरातली माणसं दोष स्वतःत शोधायला लागतात. आमच्या घरात तो एका म्हाताऱ्या माणसाने स्वतःच्या जिभेत शोधला.

तक्रारी मी पाच केल्या. पहिल्या वेळी मोडेम बंद करून तीस सेकंदांनी चालू करायला सांगितलं, केला. दुसऱ्या वेळी स्पीड टेस्ट करायला लावली. शंभरचा प्लॅन, शहाण्णव आले. "बघा मॅडम, स्पीड तर पूर्ण येतोय." फोन संपतोय तोवर मेसेज आला की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. तिसऱ्या वेळी लाईनमन आला, वायरचं टोक कापून नवीन कनेक्टर लावला, मीटर लावून सिग्नल दाखवला आणि गेला. भर दुपार होती, सगळं ठीकच दिसलं. रात्री तेच. चौथ्या वेळी सांगितलं की राउटर जुना आहे. नवा घेतला. काही फरक नाही.

पाचव्या वेळी मात्र उत्तर पटण्यासारखं मिळालं: "रात्री सगळेच वापरतात, लोड येतो." केबलच्या नेटबाबत हे खोटं नसतं. फायबर एका नोडपर्यंत, म्हणजे परिसरातल्या वाटपाच्या पेटीपर्यंत, येते आणि तिथून पुढे जी जाड तांब्याची केबल निघते ती अनेक घरांत वाटलेली असते, कधी काही डझन, कधी शेकडो. रात्री सगळे एकदम बसले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं. म्हणून मी गप्प बसले. जवळजवळ महिनाभर. त्या महिन्याचं मला आजही वाईट वाटतं.

मग एकदा भावानेच सुचवलं, "ताई, मोडेमचं स्वतःचं एक पान असतं, ते उघडून बघ." बहुतेक केबल मोडेममध्ये ब्राउझरवर १९२.१६८.१००.१ टाकलं की ते पान दिसतं. काही कंपन्या ते बंद करून ठेवतात, आमचं उघडं होतं. त्यात सिग्नलचे आकडे असतात आणि घडलेल्या प्रत्येक गडबडीची वेळेसह नोंद असते. ती नोंदवही उघडली तर एकच ओळ खालपर्यंत पसरलेली होती: टी-३ टाइमआउट.

याचा अर्थ मी वाचून समजून घेतला तो असा. मोडेम ठरावीक वेळाने कंपनीच्या यंत्राला हाक मारतो की मी इथे आहे, माझा आवाज नीट येतोय का. उत्तरासाठी तो २०० मिलिसेकंद थांबतो. उत्तर आलं नाही की नोंद होते टी-३. लागोपाठ सोळा वेळा असं झालं की मोडेम जोडणी सोडून पहिल्यापासून सुरुवात करतो. म्हणजे माझा मोडेम हाका मारत होता आणि पलीकडे त्या पोचत नव्हत्या. अगदी बाबांसारखं.

मी वही घेतली आणि तीन आठवडे सगळ्या वेळा उतरवून काढल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच एक गोष्ट दिसली. नोंदी संध्याकाळी सातनंतर सुरू व्हायच्या हे खरं. पण त्या रात्री अकराला थांबत नव्हत्या, साडेबाराला थांबत नव्हत्या. दोन चाळीसला होत्या, चार दहाला होत्या. सकाळी सहाच्या आसपास एकदम बंद. सुट्टीच्या दिवशीही तेच. पहाटे चारला कोणाचा लोड? सगळी बिल्डिंग झोपलेली असताना लाईनवर गर्दी कसली?

इथे थोडं तांत्रिक लिहिते, कारण हे कळलं असतं तर मी महिनाभर गप्प बसले नसते. ही केबल मुळात टीव्हीसाठी घातली गेली. वरून खाली, एकाकडून सगळ्यांकडे. घरातून उलट काही पाठवायचं असेल ही गरजच तेव्हा नव्हती. तिच्यावरून इंटरनेट चालवायचं पहिलं समान मानक, डॉक्सिस, १९९७ मध्ये आलं. तेव्हा घराकडून कंपनीकडे जाणाऱ्या डेटासाठी फ्रिक्वेन्सीचा अगदी खालचा पट्टा वापरला गेला, अमेरिकेत ५ ते ४२ मेगाहर्ट्झचा. पुढच्या मानकांनी तो वाढवला, पण असंख्य लाईनी अजून त्या अरुंद पट्ट्यावरच चालतात. आणि हाच पट्टा सगळ्यात गोंगाटाचा. मोटर, स्वस्त अ‍ॅडॅप्टर, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर (दिव्याला हवी तशी वीज देणारा छोटा डबा), यांचा विद्युत गोंगाट नेमका इथे असतो. चांगली केबल तो आत येऊ देत नाही. पण कनेक्टर सैल असला, एखादं टोक उघडं राहिलं, की तिथून तो शिरतो.

आणखी एक गोष्ट. खाली येणारा सिग्नल एकाकडून सगळ्यांना वाटला जातो, त्यामुळे एका घरातला गोंगाट दुसऱ्याच्या डाउनलोडमध्ये सहसा येत नाही. वर जाताना उलटं होतं. सगळ्या घरांतून निघालेलं सगळं नोडपाशी एकत्र येतं, जसं सगळ्या मजल्यांचं पाणी एकाच पाइपात उतरावं. एका घराच्या सैल जोडाचा गोंगाट त्या नोडवरच्या प्रत्येक घराच्या आवाजावर जाऊन बसतो. म्हणून भाऊ आम्हाला दिसत होता आणि बाबा त्याला ऐकू जात नव्हते. म्हणूनच स्पीड टेस्टमध्ये शहाण्णव आले होते. त्या आकड्याच्या शेजारी अपलोडचाही आकडा होता. तो कंपनीने विचारला नाही आणि मीही बघितला नाही.

आता मी बिल्डिंगच्या ग्रुपवर विचारलं. "नेट नीट चालतंय का" असं मी आधीही विचारलं होतं, तेव्हा सगळे हो म्हणाले होते, कारण सिनेमे चालत होते. या वेळी प्रश्न बदलला: "संध्याकाळी सातनंतर तुमचा आवाज समोरच्याला तुटक जातो का?"

अर्ध्या तासात फोन वाजायला लागले. आमच्याकडे या कंपनीची अकरा कनेक्शन आहेत, त्यातल्या सात घरांत हेच चाललं होतं. वरच्या मजल्यावरच्या ताई संध्याकाळी ऑनलाइन शिकवण्या घेतात. मुलांना ऐकू येत नाही म्हणून त्यांनी दोनदा माइक बदलला होता आणि दोन मुलांनी शिकवणी सोडली होती. एका काकांनी दुप्पट वेगाचा प्लॅन घेतला होता. एका घरात नवरा-बायकोत राउटर कुठे ठेवायचा यावरून रोज वाद होत होते. एक मुलगा रात्री कामाच्या मीटिंगसाठी मोबाइलचा डेटा वापरत होता आणि घरच्या नेटचे पैसेही भरत होता. या सातही जणांनी तक्रार केली होती. सातही जणांना सांगितलं गेलं होतं की अडचण तुमच्या घरात आहे.

सात घरांची तीच तक्रार, त्याच वेळेची, त्याच जिन्यातली. कंपनीच्या खात्यात मात्र त्या सात वेगळ्या तक्रारी होत्या, सात वेगळ्या माणसांनी ऐकलेल्या आणि सात वेळा बंद केलेल्या. लाईन सगळ्यांची एकच, पण तक्रार घ्यायची पद्धत एकेका ग्राहकाची. दोष दोन घरांच्या मधे असेल तर तो कुणाच्याच तक्रारीत सापडत नाही.

आम्ही एकच ईमेल लिहिला. सात ग्राहक क्रमांक, तीन आठवड्यांच्या वेळा, मोडेमच्या पानाचे फोटो. वर ठळक अक्षरांत एक वाक्य: घरात येऊ नका, जिन्यातली लाईन तपासा, आणि संध्याकाळी सातनंतर तपासा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक वयाने मोठे टेक्निशियन आले. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात केबलचा डबा आहे. त्यांनी तो उघडला. एका केबलचे अनेक फाटे करणाऱ्या स्प्लिटरचं एक तोंड उघडं होतं, कारण समोरच्या घरातले भाडेकरू गेले तेव्हा त्यांची वायर काढून नेली आणि तोंड तसंच सोडून दिलं. शेजारचा कनेक्टर बोटाने फिरत होता. आणि या सगळ्याला चिकटून जिन्यातल्या दिव्यांचा ड्रायव्हर. ते दिवे टायमरवर आहेत. सातला लागतात, सहाला बंद होतात.

त्यांनी मीटर लावला आणि मला म्हणाले, "ताई, बटण बंद करा." गोंगाटाचा आकडा खाली आला. "आता चालू करा." आकडा वर गेला. तीनदा करून दाखवलं. मग उघड्या तोंडाला ७५ ओहमचा टर्मिनेटर बसवला, म्हणजे एक छोटी धातूची टोपी, सगळे कनेक्टर पान्याने आवळले, ड्रायव्हर हातभर लांब सरकवला. पाऊण तासही लागला नाही.

मी विचारलं, "दादा, आधी आलेल्यांना हे का दिसलं नाही?" ते जरा थांबून म्हणाले, "ताई, आम्हाला घर नंबर येतो. घरात सिग्नल बरोबर दिसला की तक्रार बंद करून पुढच्या घरी जायचं. जिन्यातला डबा कुणाच्याच तक्रारीत नसतो."

म्हणून माझी विनंती आहे, लाईनमनवर ओरडू नका. माझ्याकडे तिसऱ्या तक्रारीला जो मुलगा आला होता त्याने त्याला दिलेलं काम प्रामाणिकपणे केलं होतं. ते काम ठरवणाऱ्यांना प्रश्न विचारायला हवेत. एकाच नोडवरून, एकाच वेळेच्या सात तक्रारी आल्या तर त्या एकत्र दिसायला नकोत का? मोडेमची जी नोंद मला घरात बसून दिसली ती कंपनीला तिच्या कार्यालयातून दिसते, प्रत्येक घराची. आणि तक्रार सुटली की नाही हे ग्राहकाने सांगायचं की कंपनीच्या मेसेजने?

काही ठिकाणी यावर नियम झाले आहेत. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून जाहिरातीत जो सरासरी वेग सांगायचा तो रात्री आठ ते दहा या गर्दीच्या वेळेत किमान ५० टक्के ग्राहकांना मिळणारा असावा लागतो. एप्रिल २०१९ पासून तिथे अशी योजना आहे की सहभागी कंपन्यांनी बंद पडलेली सेवा पूर्ण दोन कामकाजाच्या दिवसांत सुरू केली नाही तर भरपाई आपोआप बिलात जमा होते, ग्राहकाने मागावी लागत नाही. मला हे आवडतं. पण यातही आमच्यासारखी तक्रार बसत नाही, कारण आमची सेवा बंद नव्हती. एका दिशेने चालू होती. अर्धवट बिघाडाला नावच नाही, आणि मला वाटतं लोक सगळ्यात जास्त त्यानेच पिचतात. नेट पूर्ण गेलं की निदान सगळ्यांना कळतं की नेट गेलंय.

ज्यांच्याकडे असं काही चाललंय त्यांनी कृपा करून तीन गोष्टी करा. स्पीड टेस्टमधला अपलोडचा आकडा बघा. वेळा लिहून ठेवा, विशेषतः मध्यरात्रीनंतरच्या, कारण "लोड" हे उत्तर तिथेच तपासता येतं. आणि राउटर, माइक, प्लॅन, काहीही विकत घेण्याआधी शेजाऱ्यांना नेमका प्रश्न विचारा.

टर्मिनेटर बसवला त्या रात्री नऊला भाऊ दिसला. बाबा बोलत होते, तो ऐकत होता. मधेच म्हणाला, "बाबा, मागे कुकरची शिट्टी झाली, बंद करायचा असेल तर करा, मी थांबतो." स्वयंपाकघरातली शिट्टी त्याला तिकडे ऐकू गेली होती. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि टॅब माझ्याकडे दिला नाही.

एक गोष्ट अजून बाकी आहे. कंपनीच्या अ‍ॅपमध्ये माझ्या पाचही तक्रारी "सोडवली" म्हणून आहेत आणि चौथीखाली कारण लिहिलंय: ग्राहकाच्या उपकरणातील दोष. ती नोंद दुरुस्त करा असं मी लेखी कळवलं आहे. शिकवणीवाल्या ताईंनी आणि प्लॅन बदललेल्या काकांनीही आपापल्या नोंदींसाठी कळवलं आहे. आज अकरावा दिवस. अजून उत्तर आलेलं नाही, आलं की इथेच टाकते.