शेरूची वाटी वीस मिनिटांनी का उचलायची

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे आणि रागावून लिहिलेली आहे. दोन्हीबद्दल माझी तक्रार नाही. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून आधी तिचा गोषवारा देतो. ठाण्यात तुमच्या घरी गेल्या आठवड्यात शेरू आला. तीन वर्षांचा, चार किलोचा पॉमेरेनियन. आधीचं कुटुंब परदेशी गेलं म्हणून तुमच्याकडे. तो पाकिटातले कोरडे दाणे (डॉग फूड) हुंगतो आणि पाठ फिरवतो. मग तुम्ही मांडीवर घेऊन चिकन भरवता, दुपारच्या चहाला सासूबाई बिस्किटं देतात, रात्री दूधभात होतो. ‘जेवण ठेवा, वीस मिनिटांनी वाटी उचला, पुढच्या वेळेपर्यंत मध्ये काही देऊ नका’ हे माझ्या आधीच्या लेखातलं वाक्य वाचून तुम्ही लिहिलंत, “घर सुटलेल्या मुक्या जिवाला उपाशी ठेवा म्हणताना तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?” शिवाय गुहागरच्या घरचा तुमचा मोती भाकरी-दुधावर चौदा वर्षं जगला, त्याला कुणी वेळापत्रक लावलं नव्हतं, आणि हे सगळं पाकीटवाल्या कंपन्यांनी काढलेलं खूळ आहे, असंही.

कंपन्यांचं आधी उरकतो. घरचं शिजवून घालणाऱ्यांशी माझं भांडण नाही. कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला भात-भाकरी विषासारखी, असं सांगणारे हल्ली पुष्कळ भेटतात. त्यांच्यापेक्षा मला तुमचं म्हणणं जवळचं वाटतं. पिठूळ अन्न पचवण्याची जनुकं कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात, हे २०१३ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या संशोधनात दिसलं आहे. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं काढलेला प्राणी आहे तो. फक्त चिकन-भात हे रोजचं जेवण करायचं असेल तर डॉक्टरांकडून कॅल्शियमचं प्रमाण ठरवून घ्या. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला असतं. वर्षभर तेच घातलं तर शरीर ती तूट हाडांतून भरून काढतं.

आता शेरूच्या पोटाचा हिशेब. चार किलोच्या, नसबंदी झालेल्या, घरात वावरणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ३०० ते ३२० किलोकॅलरी पुरतात. ग्लुकोज बिस्किटांच्या १०० ग्रॅममध्ये ४५०च्या आसपास असतात. म्हणजे चार-पाच बिस्किटांत शंभर सहज झाल्या. दिवसाचा तिसरा हिस्सा! आपण जेवायच्या आधी दोन वडापाव खाल्ले आणि पानावर बसून “भूक नाही” म्हटलं, तर त्याला कुणी नखरा म्हणेल का? त्यात तुमचं भरवलेलं चिकन आणि रात्रीचा दूधभात मिळवा. शेरू उपाशी नाही ताई, त्याचं जेवण दिवसभर चाललंय. फक्त ते वाटीत होत नाही.

आणि तो हुशार आहे. वाटीकडे पाठ फिरवली की मांडी मिळते, चिकन मिळतं, सगळं घर भोवती गोळा होतं, हे आठ दिवसांत कुठल्याही पॉमच्या लक्षात येतं. लहान कुत्री मुळात हट्टी असतात यावर माझा फारसा विश्वास नाही. लॅब्रॅडोरनं जेवण सोडलं तर आपण दुसऱ्या वेळेपर्यंत थांबतो. चार किलोच्या जिवानं सोडलं की आपला धीर सुटतो, आणि तेवढ्यात चीज, सॉसेज, जे हाताला लागेल ते पुढे येतं.

पण वाटी उचलण्यामागचं माझं खरं कारण वेगळंच आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेख नाही. दिवसभर दाणे पडून आहेत, येताजाता चारजण चार गोष्टी भरवताहेत, अशा घरात कुत्र्यानं आज किती खाल्लं हे कुणालाच सांगता येत नाही. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात आणि सगळे एकमेकांकडे बघतात. आपल्याकडे गोचीड-ताप वर्षभर असतो, आणि त्याची सुरुवात बऱ्याचदा नुसती भूक मंदावण्यानं होते. ‘आमचा आहेच नखरेल’ म्हणत चार दिवस काढले की मग हिरड्या पांढऱ्या दिसतात, प्लेटलेट्स उतरलेल्या निघतात. ज्याची वाटी रोज ठरल्या वेळी रिकामी होते, त्यानं एक वेळ तोंड लावलं नाही तरी घरात लगेच कळतं. वीस मिनिटांचा नियम मी शिस्तीसाठी सांगत नाही. आपल्याला नेमकं कळावं म्हणून सांगतो.

त्या वीस मिनिटांत तो काय करतो हे लांबून पाहा. समोर बसून, “खा ना रे बाळा” म्हणत नाही. स्वयंपाकघरातून, तिरक्या नजरेनं. उत्साहानं येतो, घास उचलतो आणि खाली टाकतो? तोंड बघून घ्या. पॉम, शित्झू, यॉर्कीचा जबडा इवलासा, दात मात्र मोठ्या कुत्र्याइतकेच, ४२. दाटीवाटीत किटण साठतं, हिरड्या सुजतात, आणि तिसऱ्या वर्षी हे अगदी सर्रास दिसतं. वाटीपाशी येऊन ओठ चाटतो, लाळ गिळतो, तोंड फिरवतो, तर मळमळ असू शकते. वाटीकडे ढुंकूनही बघत नाही पण बिस्किटाचा डबा वाजला की धावत येतो, तर ते आपण शिकवलेलं. आणि दिवसा काही नाही, रात्री सगळे झोपल्यावर खातो, तर तो घाबरलेला आहे.

घाबरलेल्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते अगदी पटतं. घर बदललं की कुत्र्याची भूक दोन-चार दिवस मंदावते, आणि अशा वेळी हातानं भरवायला काहीच हरकत नाही. फक्त हात रोज थोडा वाटीकडे सरकू द्या: आधी हातातून, मग वाटीवर धरलेल्या हातातून, मग वाटीतून. जागाही तपासा. गुळगुळीत फरशीवर लहान कुत्र्याचे पाय घसरतात, मान खाली घालून खायला तो बिचकतो. वाटीखाली आणि पायाखाली एक जाड पायपुसणं टाका. गळ्यातला बिल्ला स्टीलच्या वाटीवर वाजतो, त्यानंही काही कुत्री दचकतात. दाराची बेल, मिक्सर, नातवंडांची धावपळ यांपासून लांबचा कोपरा बरा. आणि आधीच्या घरी फोन करून विचारा: काय खायचा, किती वाजता, कशात. तेच जेवण सध्या चालू ठेवा. बदलायचं असेल तर आठ-दहा दिवसांत, जुन्यात नवं थोडं थोडं मिसळत. फ्रीजमधलं गार जेवण थेट देऊ नका. कुत्र्याची जीभ आपल्याइतकी चोखंदळ नसते, त्याचं सगळं नाकावर चालतं. दाण्यांवर दोन चमचे कोमट पाणी घातलं तरी वास उठतो.

मोतीबद्दल. गुहागरचा मोती नुसत्या भाकरी-दुधावर जगला यावर माझा विश्वास नाही, क्षमा करा. तो बंदरावर मासळीची डोकी खात असणार, शेजारच्या चार घरी हजेरी लावत असणार, उंदीर-घुशीही सोडत नसणार. भाकरी हा त्यातला तुम्हाला दिसलेला भाग. शिवाय पंधरा-सोळा किलोच्या, दिवसभर हुंदडणाऱ्या गड्याला एक भाकरी म्हणजे तोंडी लावणं. शेरूला अर्धी दिली तरी पोट भरून जाईल. दूध मात्र खरंच थांबवा. पूर्ण वाढलेल्या कुत्र्यांपैकी अनेकांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात, आणि एवढ्याशा अंगातलं पाणी भराभर उतरतं. दोन चमचे ताजं दही बहुतेकांना चालतं.

मी कोल्हापूरचा, त्यामुळे हे सांगायचा मला हक्कच आहे: रश्श्यात कालवलेला भात अजिबात नको. कांदा-लसणानं कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फुटतात. शिजवून, वाळवून, मसाल्यात कुटूनही तो गुण जात नाही, आणि रोज थोडं थोडं पोटात गेलं तरी साठत जातं. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेही नकोत, ते मूत्रपिंडावर जातात. शिजवलेली हाडं, चॉकलेट आणि शुगर-फ्री च्युइंगम यांचं तुम्हाला ठाऊक असेलच.

एक गोष्ट पुन्हा लिहितो, कारण तुमची प्रतिक्रिया वाचून कुणी पिल्लावर हा नियम लावू नये. तीन-चार महिन्यांच्या आतल्या, किलो-दीड किलोच्या पिल्लाला हे लागू नाही. त्याच्या अंगात साखरेचा साठा नसतोच म्हणा. दिवसातून चार वेळा पोटात गेलंच पाहिजे. ते लटपटायला लागलं, थरथरलं, मलूल पडलं तर हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी चोळायचं आणि तसंच उचलून डॉक्टरकडे न्यायचं. शेरूसारख्या पूर्ण वाढलेल्या, पाणी पिणाऱ्या, शेपूट हलवणाऱ्या कुत्र्यानं एखाद्या वेळचं जेवण सोडलं तर तो धोका नाही. पण पूर्ण दिवस गेला आणि काहीच खाल्लं नाही, किंवा सोबत उलटी, जुलाब, सुस्ती असेल, तर वाटीचे नियम बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

उद्यापासून असं करून बघा: सकाळ-संध्याकाळ दोनच वेळा, दिवसाचे दाणे सकाळीच वजन करून डब्यात काढलेले, बहुतेक पाकिटांच्या हिशेबानं ते ८०-९० ग्रॅम भरतील, तरी पाकिटावरचा तक्ता बघा. सासूबाईंना त्याला काहीतरी द्यावंसं वाटणारच, तो आनंद काढून घेऊ नका. त्या डब्यातलेच दहा-बारा दाणे त्यांच्या हाती द्या, चहाच्या वेळी त्यांनीच घालावेत. चार-पाच दिवस तो नाटकं करील, आणि घरातलं कुणीतरी नक्की विरघळेल. माझा अंदाज तुमच्या यजमानांवर आहे, कारण प्रतिक्रियेत त्यांचं नावच नाही.

वजनाची वही ठेवा. काट्यावर आधी त्याला घेऊन उभ्या राहा, मग एकट्या, आणि वजाबाकी करा. दर रविवारी. चारशे ग्रॅम म्हणजे त्याचा दहावा भाग, तिथपर्यंत थांबू नका. दोनशे कमी दिसले की डॉक्टरांना दाखवा. आधीच्या घरून काय कळलं ते इथेच लिहा, म्हणजे दाणे तेच ठेवायचे की बदलायचे हे बोलता येईल.