नाक बंद, संत्रं बंद

आमचं गाव वरुड-मोर्शीच्या पट्ट्यातलं. इथे दिवाळीत फराळाच्या आधी संत्रं घरात येतं. अंबिया बहाराच्या संत्र्यांची तोडणी नेमकी याच दिवसांत. पहाटे दहिवर पडतं, सोयाबीनच्या कुटाराची, म्हणजे भुशाची, धूळ अजून बसलेली नसते, आणि पुण्या-नागपूरची पोट्टी शिंकत शिंकत गावी येतात. यंदा बगिच्यातली फळगळ थांबते न थांबते तोच माझी नाकगळ सुरू झाली. फळगळीवर निदान फवारणी तरी असते.

धनतेरसला पहिली शिंक आली. आईनं कढईवरची नजर न हटवता निदान केलं.

"रात्री सीताफळ हाणलं असन."

हाणलं होतं. चार. पण आदल्या दिवशी भाचा पुण्याहून नाक ओढत आला, गळ्यात पडला आणि माझ्याच दुपट्ट्याला नाक पुसून मोकळा झाला, त्याचा पंचनामा कोणी केला नाही. मी मोबाइल काढून वाचून दाखवलं: सर्दीचे विषाणू दोनशेच्या वर आहेत, आणि लागण झाल्यावर साधारण एक ते तीन दिवसांत नाक वाहू लागतं.

"त्या दोनशेत सीताफळ हाय का पाय," आई म्हणाली.

मग बंदी लागली. सीताफळ बंद, दही बंद, केळं बंद. आणि संत्रं बंद. का, तर "थंड असते ते." अंगणात क्रेटवर क्रेट रचलेले, बगिचा माझा, सातबारा माझ्या नावावर, पण फोडीला हात लावायची सोय नाही. भाच्याला माझी दया आली. त्यानं बॅगेतून व्हिटॅमिन सीची चघळायची गोळी काढली. संत्र्याच्या चवीची.

"घे, घे, औषध हाय ते," आईची लगेच परवानगी.

संत्र्याच्या ढिगाला पाठ टेकून मी संत्र्याच्या चवीची गोळी चघळली. सर्दी सुरू झाल्यावर व्हिटॅमिन सी घेऊन फारसा फरक पडत नाही, हे मला ठाऊक होतं. पण मला औषध नकोच होतं, संत्रं पाहिजे होतं.

तोवर बातमी गावभर झाली. काकूनं सुंठ, मिरे, तुळस, गवती चहा असा काढा आणला. तो घशाला बरा वाटला, हे कबूल करतो. मावशीनं ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकून नाकाला लावली, ती जरा जास्तच शेकली गेली, त्यामुळे नाक बंद आहे की भाजलंय हे दिवसभर कळेना. शेजारच्या काकाजींनी मोहाच्या दारूचा उपाय सांगितला. "थोडी छातीले चोळाची, थोडी पोटात." छातीला किती आणि पोटात किती, हे विचारल्यावर ते आधी पोटाकडूनच सुरू झाले, तेही स्वतःच्या.

शेवटी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. मॅडमनी ताप पाहिला, दम लागतो का, अंग ठणकतं का विचारलं आणि म्हणाल्या, "फ्लू नाही, साधी सर्दी आहे. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. पाणी प्या, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा, झोपा. दम लागला किंवा ताप चढला तर लगेच या." आईंना फ्लूची लस द्या, विषाणू रूप बदलतो म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते, असंही सांगितलं.

मी हात हलवत परत आलो. ओट्यावरची मंडळी हळहळली. "सुई नाई देल्ली? मंग गेलता कायले?"

लसीचं आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "मले कायले? मी का सीताफळ खाल्लं?"

मी घरापुरता नियम केला. येईल त्यानं वीस सेकंद साबणानं हात धुवायचे. लक्ष्मीपूजनाला आलेल्या दोन म्हाताऱ्या बादली पाहून उंबऱ्यातच थबकल्या आणि हळूच विचारू लागल्या, "कोनाचं सुतक हाय, बाप्पा?" नियम तिथेच संपला.

भाऊबीजेला ताई ओवाळायला समोर बसली. मी शिंक दाबली, दाबली, आणि ती निरांजनावरच सुटली. ज्योत विझली. घरभर हाय हाय झालं, पण तुषार कोणाच्या तोंडावर उडाले याची चिंता एकालाही नव्हती, अपशकुनाची होती. उतारा म्हणून पुन्हा ओवाळायचं ठरलं. त्यासाठी सगळे आणखी जवळ सरकून बसले.

त्या रात्री मात्र माझा धीर सुटला. सगळे झोपल्यावर अंगणात गेलो, क्रेटमागे बसलो आणि पाच संत्री संपवली. चव अर्धीच लागली, पण हक्काची होती. सालं कुटारात खोल पुरली. साबणानं वीस सेकंद हात धुतले, घरात हा नियम पाळणारा मी एकटाच. दबक्या पावलांनी आत येऊन गोधडी ओढली.

अंधारातून आईचा आवाज आला.

"किती खाल्ले?"

"काय?"

"संत्रे. साऱ्या घरात वास सुटला."

मी नाक ओढून पाहिलं. काहीच नाही.

"तुहं नाक बंद हाय, लेका," आई कूस बदलत म्हणाली. "आमचे चालू हायेत अजून."