उत्तर तिलाच देऊ द्या

खालच्या मजल्यावरच्या आजींना मी जवळजवळ वर्षभर "कशा आहात?" असं विचारत होते आणि उत्तर दरवेळी त्यांचा पुतण्या देत होता. "मजेत आहे. हिला काय धाड भरलीय?" आजी खुर्चीतून माझ्याकडे बघायच्या, मी हसायचे आणि चौकशी केल्याच्या समाधानात जिना चढायचे.

एकदा माझ्यासमोरच त्याला फोन आला, तो बोलत बोलत बाहेर गेला. आजी हळूच म्हणाल्या, "माझा वॉकर कुठे ठेवलाय बघ गं जरा."

वॉकर गॅलरीत होता. घडी घालून, कपड्यांच्या स्टँडमागे. मग बाकीचंही दिसायला लागलं. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये, त्यात सेल नाही. त्यांना कुणी मारलं नव्हतं, अंगावर एक वळ नव्हता. फक्त उठता येत नव्हतं, नीट दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं आणि हे तिन्ही सहज टाळता आलं असतं.

म्हाताऱ्या माणसांच्या छळाला १९७५ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी नाव दिलं होतं 'ग्रॅनी बॅटरिंग', म्हणजे आजीला बडवणं. नावातच मार. आपण अजूनही तिथेच अडकलोय. वळ दिसला तर छळ, नाहीतर 'त्यांच्या घरचा प्रश्न'. आकडे वेगळंच सांगतात. २०१७ साली २८ देशांतले ५२ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा साठी ओलांडलेल्या साधारण सहा माणसांत एकाला वर्षभरात कसला ना कसला छळ सोसावा लागल्याचं दिसलं. साठीपुढच्या सगळ्यांत शारीरिक मार सोसलेले होते २.६ टक्के. हेळसांड ४.२, पैशांची लुबाडणूक ६.८ आणि अपमान, धमक्या, अबोला वगैरे मानसिक छळ ११.६ टक्के. आणि हे घरी राहणाऱ्यांचं, संस्थांमधलं नव्हे.

बरं, हे फक्त म्हाताऱ्यांचंच नाही. माझ्या ओळखीत बौद्धिक अपंगत्व असलेला पस्तिशीतला एक जण आहे. त्याला सगळे अजून 'बाळ' म्हणतात. प्रेमाने म्हणतात, मान्य. पण बाळाचे पैसे बाळाला विचारून कोण खर्च करतं? अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार आहे. त्यातलं सोळावं कलम पिळवणूक आणि छळापासून संरक्षणाचं. पण त्याच्या आधी, बाराव्या कलमात, हा माणूस कायद्यापुढे इतरांच्या बरोबरीचा आहे असं म्हटलंय. मला हा क्रम फार आवडतो. आधी माणूस, मग संरक्षण. नाहीतर वाचवायला गेलेले लोकच परस्पर निर्णय घेऊन मोकळे होतात आणि त्या बिचाऱ्याचा फक्त मालक बदलतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. त्या माणसाशी एकट्याने बोला, दुसऱ्या कुणाच्या देखत नाही. दहा मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. "कुणी त्रास देतं का?" असं थेट विचारू नका, त्याचं उत्तर बहुतेकदा "नाही" असतं. दिवस कसा जातो विचारा. शेवटची सही कशावर केली, बाहेर कधी गेला होतात, रात्री तहान लागली तर पाणी कोण देतं, हे विचारा. आणि जो कुणी तुम्हाला एकट्याने भेटूच देत नाही, दरवेळी "झोपलीय", "तिला समजत नाही" असं सांगतो, त्याच्या घरची बेल वाजवत राहा. जिवाला धोका दिसला, किंवा माणसाला स्वतःचं भलंबुरं खरंच उमगत नसेल, तर मात्र बेल वाजवत बसू नका. सरळ पोलीस, डॉक्टर, जी काही यंत्रणा हाताशी असेल तिला कळवा.

पुतण्याला खलनायक करणं मला सोपं गेलं असतं. केलंही होतं, दोन दिवस. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, रात्रीसुद्धा, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे एकट्याने महिनोन् महिने करून बघा. तेव्हा 'घरचेच करतात सगळं' असं कौतुक करून सटकलेले आपण त्या हेळसांडीत किती टक्के, हे कुठल्या अभ्यासात येत नाही. (आजी अंथरुणावर नाहीत हो. वॉकर लपवायला कसली दमणूक लागते, ते मला अजून कळलेलं नाही.)

मी आजींना विचारलं, तक्रार करू का? त्यांची बुद्धी शाबूत आहे, माझ्यापेक्षा जास्तच. म्हणाल्या, "नको. हा गेला तर मला कोण आहे? तू चष्म्याचं बघ. आणि येत जा." मला ते पटलं नाही. पण निर्णय त्यांचा होता, आणि मत बदललं तर मध्यरात्रीही हाक मारा, असं सांगून ठेवलंय.

आता मी मंगळवारी जाते, समोरच्या काकू शुक्रवारी. चष्मा झाला, सेल आणले. पहिल्या मंगळवारी मी वॉकर आणून खुर्चीशेजारी ठेवला. दुसऱ्या मंगळवारी तो पुन्हा गॅलरीत. परत आणला. पुतण्या दारातून बघत होता.

"येता-जाता पायात येतो तो."

"येऊ दे," मी म्हटलं. आजींनी तोवर वॉकरच्या मुठीवर हात ठेवला होता.